दहा तारखेची वही

तर झालं असं की, मी घर घ्यायचं ठरवलं.

घर म्हणजे काय, उलव्याला एक वन बीएचके. महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कात कीबोर्ड बडवणाऱ्या माणसाला अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास हा आजार होतोच. लक्षणं ठरलेली. शनिवारी साइट व्हिजिट, रविवारी एक्सेल शीट आणि सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये कार्पेट एरियावर चर्चा. माझीही शीट तयार होती. डाउन पेमेंट, वीस वर्षांचा ईएमआय, टॅक्समधली सूट, सगळं रंगीबेरंगी. एका शनिवारी सकाळी चहाच्या वेळी लॅपटॉप बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून शीट शेवटच्या रांगेपर्यंत खाली नेली, "वीस वर्षं?" एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

त्यानंतर दोन दिवस बोलणं बंद. भांडण नाही हं, नुसतं बंद. आमच्या घरात पैशावरून आवाज कधी चढत नाही. विषय निघाला की बाबा गॅलरीत जातात, आई कुकर लावते आणि मी हेडफोन घालते. बाबांनी आयुष्यात कर्ज काढलेलं नाही. फ्रीज रोख, स्कूटर रोख (सात वर्षं पैसे साठवून), आणि माझ्या इंजिनियरिंगच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज सहज मिळत असताना गावाकडचा जमिनीचा तुकडा विकला. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. नंतर मात्र राग यायला लागला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून राबलेला माणूस बँकेला इतका का घाबरतो?

तिसऱ्या दिवशी आजी म्हणाली, "कर्ज म्हटलं की त्येच्या पोटात गोळा येतो. लहानपणापासून. माझ्या ट्रंकेत तळाला वही आहे, ती काढ, म्हणजे कळंल."

ती वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, लांबट, वाण्याच्या दुकानात असते तशी. आजीची खानावळ होती हे मला माहीत होतं, पण ते कसं, तर आपल्या आजोबांकडे सायकल होती हे माहीत असावं तसं. चिंचपोकळीच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, आजोबा गिरणीत साचेखात्यात, आणि आजी घरच्या पाच माणसांशिवाय आणखी अकरा जणांचा स्वयंपाक करायची. वहीत ही अकरा माणसं आहेत. एकाचंही आडनाव नाही, फक्त नाव आणि गाव. समोर महिन्याचे दिवस, न जेवलेल्या दिवसाला खाडा, आणि उजवीकडे 'जमा'.

गिरणगावाबद्दल आपण काय काय वाचलेलं असतं! 1854 साली कावसजी दावरांनी पहिल्या गिरणीची कंपनी काढली, मग चिमण्या, भोंगे, लाल बावटा, शाहिरी. पण हे सगळं ज्या पोटांवर उभं होतं ती भरायची कोणी, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून आलेले बहुतेक पुरुष एकटे. बायकामुलं गावी, इकडे एका गाळ्यात गावातलेच दहा-पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपणार. एक पाळी कामावर गेली की तिच्या जागी दुसरी आडवी. त्यांच्या जेवणाची सोय म्हणजे खानावळवाली. तिचा नवरा बहुतेक वेळा गिरणीतलाच. तीन पाळ्या म्हणजे तिची चूल पहाटे पेटायची ती मध्यरात्री दुसरी पाळी सुटून शेवटचा माणूस जेवून जाईपर्यंत.

आता यातला आर्थिक भाग बघा, कारण खरी गंमत (की गोची?) तिथेच आहे. 1936 च्या वेतन कायद्यानुसार हजार किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात पगार पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यायचा. म्हणून गिरणगावाचं सगळं कॅलेंडर दहा तारखेभोवती फिरायचं. गडी महिनाभर आधी जेवणार, पैसे पगार झाल्यावर देणार. म्हणजे खानावळवाली चाळीस-चाळीस दिवस उधारीवर माणसं जेवू घालणार आणि त्यासाठी स्वतः वाण्याकडून उधारीवर ज्वारी-तांदूळ उचलणार. उधारीच्या मालाला भाव जास्त आणि प्रत कमी. वाणी थांबेना झाला की सावकार, नाहीतर अंगावरचं गहाण. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या गिरण्यांचं वर्किंग कॅपिटल या बायकांच्या पाटल्या पुरवत होत्या, आणि ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नव्हतं.

हे कर्जाचं प्रकरण जुनं आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने 1921-22 मध्ये मुंबईतल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. फिंडले शिरास नावाचे अधिकारी तिचे प्रमुख. 2,473 कुटुंबं आणि 603 एकटे पुरुष, एवढ्यांचा जमाखर्च कागदावर उतरवला आणि 1923 मध्ये अहवाल छापला. शंभर वर्षांपूर्वी हाताने केलेलं ते डेटा कलेक्शन बघून मला आमच्या टीमची लाज वाटली, असो. त्यात जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात निघाली. त्या काळी मजुराच्या कर्जाचा नेहमीचा दर होता रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे महिना सव्वासहा टक्के आणि वर्षाला 75 टक्के. (हसू नका. क्रेडिट कार्डाचं बिल थकवलं तर महिना साडेतीन टक्क्यांनी वर्षाला 42 होतात, आणि ते आपण पॉइंट्स मिळतात म्हणून आनंदाने वापरतो.) पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात काठी घेऊन उभा असलेला पठाण ही गिरणगावातली दंतकथा नाही. आजीने तो पाहिलेला आहे. ती म्हणते, पठाणापेक्षा त्याला चुकवण्यासाठी भिंतीवरून उडी मारणाऱ्या माणसाचं तोंड बघवत नसे, कारण तोच माणूस रात्री घरी येऊन बायकोवर हात टाकायचा.

आजीच्या वहीत 1981 पर्यंत सगळं सुरळीत आहे. जमा, जमा, जमा, क्वचित एखादा 'पुढील म.'. भिशीचे हप्ते मागच्या पानावर. 1981 च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत असंतोष पेटला. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही कायद्याने मान्यता असलेली एकमेव युनियन, पण कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडालेला. कामगार डॉक्टर दत्ता सामंतांकडे गेले, आणि 18 जानेवारी 1982 ला सर्वंकष संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. मागण्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या, आणि एकाच युनियनला मक्तेदारी देणारा 1946 चा औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याच्या. त्याआधी 1973-74 मध्ये 42 दिवसांचा संप झाला होता. म्हणून सगळ्यांचा हिशेब होता दोन महिन्यांचा, फार तर तीन.

वहीत हा हिशेब दिसतो. फेब्रुवारी 1982 चं पान नेहमीसारखंच भरलेलं आहे, कारण संपाआधीचा पगार झाला होता. मार्चपासून 'जमा'चा रकाना कोरा. खाडे मात्र व्यवस्थित मांडलेले, म्हणजे माणसं जेवत होती. एप्रिलमध्ये दोन नावांवर रेघ, 'गावी गेला'. मेमध्ये आणखी तीन. शेवटी सहा नावं उरतात आणि तळाशी थकबाकीची बेरीज येते, 4,316 रुपये. मग एका पानावर जेवणखाणाशी संबंध नसलेली एकच ओळ आहे. 'आई – पाटल्या २ – गहाण.'

'आई'?

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजीला लिहिता येत नाही, सही करते तेवढीच. ही वही तिची, पण अक्षर तिचं नाही. सातच्या आकड्याला मधे आडवी दांडी देणारा एकच माणूस मला माहीत आहे, आमच्या फ्रीजवर लाइट बिलाची तारीख लिहून लावणारा. बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे, दहावीत. शाळेतून आल्यावर आजी सांगायची आणि ते लिहायचे. वाण्याकडे "पुढच्या आठवड्यात देतो" असं सांगायला जायचे ते, गावी गेलेल्या माणसाच्या गाळ्यावर थकबाकी मागायला जायचे तेही, आणि पेढीवर आजीबरोबर गेले तेही तेच. आजोबा गेले नाहीत. आजोबा खोलीबाहेरच पडायचे नाहीत.

इथे थोडं विषयांतर करून ऑस्ट्रियात जाते. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं खेडं होतं, एका कापड कारखान्यावर जगणारं, म्हणजे एक छोटं गिरणगावच म्हणा. 1929-30 च्या मंदीत कारखाना बंद पडला आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तिघांनी तिथल्या 478 कुटुंबांचा अभ्यास केला आणि 1933 मध्ये तो पुस्तकरूपात आला. त्यांनी काय काय मोजलं असेल? एक म्हणजे चालण्याचा वेग. खिडकीमागे घड्याळ घेऊन बसायचं आणि रस्त्यावरून जाणारा माणूस किती भरभर चालतो, किती वेळा थांबतो ते टिपायचं. पुरुष रेंगाळत होते, थांबत होते. बायका झपझप जात होत्या, कारण स्वयंपाक, मुलं, धुणी ही त्यांची कामं सुटली नव्हती. दुसरं म्हणजे कुटुंबांच्या मनःस्थितीचे त्यांनी चार गट केले, न मोडलेली, हार मानलेली, हताश आणि पार विझलेली, आणि मग प्रत्येक गटाचं दरडोई उत्पन्न काढलं. ते निघालं महिन्याला अनुक्रमे 34, 30, 25 आणि 19 शिलिंग. चार-पाच शिलिंग कमी झाले की घर एक पायरी खाली. इतकं सरळ उतरतं कोष्टक बघून मी दचकलेच. मन वगैरे गोष्ट इतकी हिशेबी असेल असं वाटलं नव्हतं.

आजोबांचा चालण्याचा वेग कोणी मोजला नाही. आजी सांगते ते असं. पहिले दोन महिने ते रोज सभेला, मोर्चाला जायचे, घरी येऊन तावातावाने बोलायचे. मग सभा विरळ झाल्या. जूनमध्ये पेरणीला गावी गेले, भावांकडे "तुझं तिकडं काय झालं?" ऐकून परत आले. आयुष्यभर दर महिन्याला मनीऑर्डर करणारा माणूस, तो गावी रिकाम्या हाताने कसा राहणार? आल्यावर खोलीच्या दाराशी बसायचे. भोंग्याची वेळ झाली की उठून उभे राहायचे आणि परत बसायचे. आजी तेव्हा पहाटे दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायला जायला लागली होती. तिने मिळवून आणलेले पैसे आजोबा हातात घेत नसत, ते फळीवर ठेवायला सांगत. मारामारी नाही, दारू नाही. लोक तिला म्हणत, नशीबवान आहेस. आजी म्हणते, "तो बोलला असता तर मी जास्त नशीबवान असते."

संप कधी संपला? खरं उत्तर असं की तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. दीडेक वर्षात विरत गेला. ऑक्टोबर 1983 मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं, बाकीच्या काही अर्ध्यामुर्ध्या चालल्या, हजारो कामगारांना परत घेतलं गेलं नाही. आजोबा त्यातलेच. पुढे तुर्भ्याला एका गोदामावर रखवालदार झाले. बाबा दहावीनंतर आयटीआय करून इकडच्या पट्ट्यात लागले आणि सगळं बिऱ्हाड चाळीतली खोली सोडून कोपरखैरण्याला आलं. आम्ही नवी मुंबईकर झालो ते असे. 2016 मध्ये पनवेलजवळच्या कोनमधल्या 2,417 घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली होती, घराची किंमत सहा लाख. आजोबांच्या नावाचाही अर्ज होता. दीड लाखाच्या आसपास अर्ज आहेत म्हटल्यावर आमचा नंबर लागला नाही, यात नवल नाही.

आता एक गोष्ट मला आजीला विचारायचीच होती. गिरणगावातच, संपाच्या सात वर्षं आधी, 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं होतं. गोवा मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत आलेल्या. कामगारांच्या संपात त्यांना दिसलं की कामगाराला युनियन आहे, पण त्याला उधारीवर जेवू घालणाऱ्या बाईला कोणी नाही. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, लहान माणसाला कर्ज द्या असं सरकार सांगत होतं, पण खानावळवालीकडे तारण काय? प्रेमाताईंनी बायकांचे गट करून एकमेकींना जामीन ठेवलं. पहिल्या खेपेला चौदा जणींना बँक ऑफ बडोदाचं कर्ज मिळालं. मग हजारोंना. बायका कर्ज फेडत होत्या, सावकाराच्या दारातून गहाण सुटत होतं. 2002 मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. वाशीला संस्थेचं नोकरदार मुलींसाठी वसतिगृह आहे. माझी एक कलीग तिथे राहायची आणि मी कित्येकदा तिला गेटवर सोडलंय, नावाकडे न बघता!

"तू का नाही गेलीस त्यांच्याकडे?" मी विचारलं.

"गेलते की. एकदा. आपल्या मजल्यावरची दोघी गेल्या, त्यांना मिळालं बी. मला म्हणाले, इथं सही करा. मी परत आले." मग थोड्या वेळाने, "पाटल्या आपल्याच असतात गं. गेल्या तर आपल्या गेल्या. बँकेचे पैसे दुसऱ्याचे."

म्हणजे कमी व्याजाचं, फेडता येण्यासारखं कर्ज समोर असताना आजीने पाटल्या दिल्या. आधी मला वाटलं, हे अडाणीपण. पण त्या दोन वर्षांत तिचं डोकं कशाने भरलेलं असेल? 2013 मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला होता, तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा. तेच शेतकरी, तेच कोड्यांचे प्रश्न. ऊस जाऊन पैसे हातात आल्यावर त्यांना ते जास्त चांगले सुटत होते, तोडणीआधीच्या चणचणीत कमी. माणूस बदलला नव्हता, मागे सतत एक प्रोग्राम चालू होता आणि मेमरी खात होता. अर्थात ही आपली सॉफ्टवेअरवाल्यांची उपमा. आजीला सांगितली तर ती म्हणाली, "डोस्क्यात सारखा वाणी बसलेला असायचा." माझ्यापेक्षा तिचीच उपमा बरी.

आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात? दहावीचा अभ्यास कमी आणि ही वही जास्त. मारिएन्थालमध्ये नाताळला काय हवंय यावर मुलांनी निबंध लिहिले, त्यात कित्येकांनी "आईबाबांकडे पैसे असते तर" असं म्हणून मग मागणं लिहिलं होतं. बाबांनी असं काही कधी लिहिलं असेल तर ते वहीत नाही. वहीत फक्त अक्षर हळूहळू बारीक होत जातं. शेवटच्या पानांत तर एका ओळीच्या जागेत दोन ओळी आहेत. वही संपली तर नवी आणावी लागेल म्हणून, असं आजी सांगते.

हे लिहिताना मला एक कबुली द्यायला हवी. गेल्या वर्षी आमच्या प्रोजेक्टमधल्या काही जणांना एका सकाळी मीटिंगला बोलावून घरी पाठवलं. त्यातल्या एकाने दोन महिने घरी सांगितलं नव्हतं. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा आणि वाशीच्या मॉलमध्ये बसायचा. का, तर घराचा ईएमआय, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघवणार नाही म्हणून. मला तेव्हा तो वेडेपणा वाटला. आजोबांचं दाराशी बसणं ऐकल्यावर तसं वाटत नाही. फरक एवढाच की गिरणगावात सगळी चाळ एकदमच बुडाली होती, लपवायला जागाच नव्हती. आमच्या टॉवरमध्ये प्रत्येक जण बंद दाराआड एकेकटा बुडतो.

रविवारी दुपारी मी वही बाबांपुढे ठेवली. लॅपटॉप नाही, फक्त वही. मला वाटलं, गॅलरीत जातील. गेले नाहीत. बराच वेळ पानं उलटत राहिले. एका नावावर बोट ठेवून म्हणाले, "हा एकोणनव्वद साली आला होता. पाटणचा. सात वर्षांपूर्वीचे पैसे घेऊन. आईने अर्धेच घेतले." मग पुढचं पान, पाटल्यांचं. तिथे काही बोलले नाहीत. आई कुकर लावायला उठली होती, ती परत बसली.

थोड्या वेळाने म्हणाले, "व्याज ठरलेलं आहे की फिरतं?"

"फिरतं."

"म्हणजे वाढलं तर? आणि नोकरी सहा महिने गेली तर? ते कुठे लिहिलंयस तुझ्या त्या तक्त्यात?"

लिहिलंच नव्हतं. मग लॅपटॉप आणला आणि आम्ही जेवायच्या वेळेपर्यंत बसलो. दोन रकाने वाढले, एक फ्लॅटचा मजला खाली आला, आणि डाउन पेमेंट वाढवायचं म्हणून खरेदी दीड वर्ष पुढे गेली. आजी मधूनच "किती टक्के म्हणाली?" असं विचारून मान हलवत होती. शेवटी मी सांगितलं की हप्त्यासाठी बँक तारीख निवडायला देते, पाच किंवा दहा.

"पाच घे," बाबा म्हणाले. "दहा नको."